समुद्रातील तरंगते तेल-उत्पादन प्लॅटफॉर्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील पेट्रोलियम, यंत्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी, भोसरी-चाकणचे यंत्रपुरवठादार आणि मुलगा किंवा मुलगी समुद्रावर नोकरीला निघाल्यामुळे काळजीत पडलेले पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबई हायवरचे प्लॅटफॉर्म पाण्यावर तरंगतात का?

नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या या क्षेत्रात पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. तेथील प्लॅटफॉर्म पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर उभे असून हा सांगाडा, म्हणजे जॅकेट, समुद्रतळात खोल ठोकलेल्या पाइलनी जखडलेला असतो. तरंगत्या प्लॅटफॉर्मचे वजन मात्र पाणीच पेलते. तळाशी त्याचा संबंध उरतो तो नांगराच्या दोरांपुरता किंवा ताणलेल्या नळ्यांपुरता, आणि तेल वर आणणाऱ्या पाइपांपुरता. बातम्यांमध्ये या सगळ्यालाच ‘तेलविहीर’ म्हटले जाते, हे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. विहीर तळाखालच्या खडकात असते आणि प्लॅटफॉर्म हा तिच्यावरचा कारखाना असतो.

२. खोल समुद्रातही पाय तळापर्यंत नेता येणार नाहीत का?

काही अंतरापर्यंत नेता येतात आणि नेलेही आहेत. मेक्सिकोच्या आखातातील ‘बुलविंकल’ हा १९८८ साली बसवलेला स्थिर प्लॅटफॉर्म ४१२ मीटर पाण्यात उभा आहे, तर त्याच आखातातील ‘पेट्रोनियस’ हा लवचीक मनोरा सुमारे ५३५ मीटर खोलीवर आहे. मात्र खोली वाढते तसे पोलाद त्याहून वेगाने वाढते, कारण उंच सांगाडा लाटांच्या लयीत डोलू लागतो आणि ते डोलणे रोखण्यासाठी तो आणखी रुंद व ताठ करावा लागतो. पाचशे मीटरच्या पुढे हा हिशेब जुळत नाही. उलट, तरंगत्या रचनेत खोली वाढली तरी मूळ सांगाडा फारसा बदलत नाही. लांबी वाढते ती दोरांची आणि पाइपांची.

३. तरंगत्या प्लॅटफॉर्मचे प्रकार किती, आणि त्यांत फरक काय?

प्रचलित प्रकार चार आहेत.

एफपीएसओ (फ्लोटिंग प्रॉडक्शन, स्टोरेज अँड ऑफलोडिंग, म्हणजे तेलाचे उत्पादन, साठवण आणि उतरवणे करणारी तरंगती रचना) हे दिसायला जहाजच असते. विहिरीतून आलेल्या मिश्रणातून तेल, वायू आणि पाणी वेगळे करण्याची यंत्रणा डेकवर, आणि तयार तेलाचा साठा पोटात, अशी त्याची मांडणी असते. पहिले एफपीएसओ १९७७ साली स्पेनच्या भूमध्य समुद्रातील कास्टेलॉन क्षेत्रावर सुरू झाले. पाइपलाइन नसलेल्या दूरच्या क्षेत्रात साठवणुकीची सोय निर्णायक ठरते, आणि आज जगात सर्वाधिक संख्या याच प्रकाराची आहे.

सेमी-सबमर्सिबलमध्ये पाण्याखाली बुडवलेले मोठे पोकळ पाँटून, त्यांवर उभे जाड खांब आणि खांबांवर डेक असतो. उत्तर समुद्रातील आर्गाइल क्षेत्रातून १९७५ साली तेल काढले गेले ते अशाच, खोदकामासाठी बांधलेल्या आणि नंतर बदल केलेल्या प्लॅटफॉर्मवरून.

टेन्शन लेग प्लॅटफॉर्म, म्हणजे टीएलपी, मुद्दाम त्याच्या वजनाला लागते त्यापेक्षा जास्त खोल ओढून धरलेला असतो. वर येऊ पाहणाऱ्या सांगाड्याला उभ्या पोलादी नळ्या तळाशी जखडून ठेवतात, म्हणून तो वर-खाली जवळजवळ हलत नाही. पहिला टीएलपी १९८४ साली उत्तर समुद्रात हटन क्षेत्रावर बसवला गेला. तेथे खोली जेमतेम १४७ मीटर होती आणि साधे जॅकेट सहज चालले असते. पण नवे तंत्र आटोक्यातल्या पाण्यात पारखून घ्यावे, हा त्यामागचा शहाणपणाचा विचार होता.

स्पार म्हणजे उभा तरंगणारा प्रचंड दंडगोल. मेक्सिकोच्या आखातातील ‘पर्डिडो’ स्पारचा दंडगोल सुमारे १७० मीटर लांब आहे आणि तो जवळपास २,४५० मीटर खोल पाण्यावर तरंगतो.

यांतला ‘सर्वांत चांगला’ कोणता, असे पुष्कळजण विचारतात. निवड साठवण हवी का, विहिरीचे तोंड कोठे ठेवायचे (प्रश्न ७) आणि समुद्र किती खवळतो, या तीन गोष्टींवर होते. प्लॅटफॉर्मचा आकार त्यानंतर ठरतो.

४. हजारो टनांची यंत्रे वर ठेवूनही तो उलटत का नाही?

तरंगणे हा भाग सोपा आहे. आर्किमिडीजच्या नियमाने पोलादाचा पोकळ डबा तरंगणारच. कलल्यावर पुन्हा सरळ होणे, ही खरी अट आहे. स्पारमध्ये ती सरळ मार्गाने पाळली जाते: तळाशी जड बॅलास्ट (स्थैर्यासाठीचे वजन) भरून गुरुत्वमध्य प्लावन केंद्राच्या, म्हणजे पाण्याचे उचलणारे बल जेथे लागते त्या बिंदूच्या, खाली आणला जातो, त्यामुळे तो उलटण्याचे कारणच उरत नाही. जहाजात आणि सेमी-सबमर्सिबलमध्ये गुरुत्वमध्य वरच असतो. तेथे कललेल्या बाजूचा पाण्यात बुडणारा भाग वाढतो, प्लावक बल त्या बाजूला सरकते आणि सांगाड्याला परत उभे करते. सेमी-सबमर्सिबलचे खांब एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात ते यासाठीच. टीएलपीचा उभेपणा त्याच्या ताणलेल्या नळ्यांवर अवलंबून असतो, म्हणून नळी एका क्षणासाठीही सैल पडू नये, हा त्याच्या आराखड्याचा पहिला नियम आहे.

एखादा कप्पा फुटून पाणी शिरले तरी प्लॅटफॉर्म तरंगत राहिला पाहिजे, अशी अट नियमांत असते. ती पाळूनही अपघात का होतात, हे प्रश्न ११ मध्ये सांगितले आहे.

५. मोठ्या लाटांमध्ये तो वर-खाली हेलकावे खात नाही का?

खातो, पण किती खायचे, हे बऱ्याच अंशी रचनाकाराच्या हातात असते, आणि या विषयाचे मर्म येथेच आहे.

समुद्राच्या लाटांची बहुतेक ऊर्जा सुमारे ५ ते २० सेकंदांच्या आवर्तकालात (एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळात) असते. तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूलाही खाली दाबून सोडल्यास वर-खाली होण्याचा स्वतःचा आवर्तकाल असतो. हे दोन जुळले की अनुनाद होतो: झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलके हलके ढकलले तरी तो उंच जातो, तसा. म्हणून प्लॅटफॉर्मचा आवर्तकाल लाटांच्या पट्ट्याबाहेर नेणे, हे रचनाकाराचे पहिले काम.

बाहेर नेण्याच्या वाटा दोन. पहिली, आवर्तकाल लाटांपेक्षा मोठा करणे. पाण्याची पातळी सांगाड्याला जेथे छेदते तेथील क्षेत्रफळ कमी ठेवले की वस्तू उचलून धरणारे बल हळूहळू वाढते आणि आवर्तकाल लांबतो. सेमी-सबमर्सिबलचा मोठा भाग खोल पाण्यात आणि पृष्ठभागाशी फक्त खांब, असे असते ते त्यामुळेच, आणि त्याचा आवर्तकाल २० सेकंदांच्या वर जातो. स्पारचा त्याहून जास्त असतो. शिवाय लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने विरत असल्याने स्पारच्या तळापर्यंत ती फारशी पोचतच नाही. दुसरी वाट टीएलपीची: ताणलेल्या नळ्यांच्या ताठरपणामुळे त्याचा उभा आवर्तकाल २ ते ४ सेकंदांवर येतो, म्हणजे लाटांच्या पट्ट्याच्या खाली. मात्र खोली वाढली की नळ्या लांब व तुलनेने लवचीक होतात आणि आवर्तकाल पुन्हा लाटांकडे सरकू लागतो. त्यामुळे टीएलपी दीड हजार मीटरच्या फार पुढे गेलेले नाहीत.

एफपीएसओ या पंक्तीत बसत नाही. जहाजाचा उभा आवर्तकाल दहा-बारा सेकंदांच्या आसपास, म्हणजे बरोबर लाटांच्या मध्यावर असतो, आणि ते हलते. ते हलणे गृहीत धरूनच त्याचे पाइप आणि यंत्रे निवडावी लागतात (प्रश्न ७ आणि १३).

६. वारा आणि प्रवाह त्याला वाहून कसे नेत नाहीत?

नांगरदोरांमुळे. उथळ पाण्यात जड साखळ्या झोळासारख्या सोडल्या जातात; प्लॅटफॉर्म सरकला की साखळीचा आणखी भाग तळावरून उचलला जातो आणि तिचे वजनच त्याला मागे ओढते. खोल पाण्यात हीच साखळी ओझे होते. १०० मिलिमीटर जाडीच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे २०० किलो, म्हणजे २,००० मीटरच्या एका साखळीचे ४०० टन. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राझीलच्या पेट्रोब्रास कंपनीने मधल्या लांबीसाठी पॉलिएस्टरचे जाड दोर वापरायला सुरुवात केली. ते पाण्यात जवळजवळ वजनरहित असतात आणि धक्का बसला की थोडे ताणून तो पचवतात. या क्षेत्रातील बऱ्याच मोठ्या बदलांपेक्षा हा बदल मला अधिक महत्त्वाचा वाटतो, जरी छायाचित्रात तो कधीच दिसत नाही.

तळाशी बहुधा सक्शन पाइल असतात: वरून बंद, खालून उघडे असे पोलादी नळकांडे चिखलात ठेवून आतले पाणी पंपाने बाहेर काढले की बाहेरच्या पाण्याचा दाब त्याला खाली दाबत नेतो. इतके करूनही प्लॅटफॉर्म एका बिंदूवर खिळत नाही. वादळात खोलीच्या पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २,००० मीटरवर शंभरेक मीटर, तो सरकू शकतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीनुसार सर्व दोर शाबूत असताना दोराची ताकद कमाल ताणाच्या १.६७ पट, आणि एक दोर तुटलेला असताना १.२५ पट असावी लागते.

७. प्लॅटफॉर्म इतका सरकतो, मग तेलाचे पाइप कसे तुटत नाहीत?

हे पाइप, म्हणजे राइझर, हलण्यासाठीच बनवलेले असतात. एफपीएसओवर बहुधा अनेक थरांचे लवचीक पाइप असतात, जे पाण्यात मोठे वळण घेऊन लोंबतात. सेमी-सबमर्सिबलवर साधा पोलादी पाइपही झोळ देऊन सोडता येतो; मात्र तो तळाला टेकतो तेथे सतत वाकून-सरळ होऊन थकतो, आणि त्या जागेचे आयुष्यमान मोजणे हे या विषयातले फार किचकट गणित आहे. टीएलपी आणि स्पार वर-खाली कमी हलत असल्याने त्यांवर सरळ उभे, वरून ताणलेले राइझर चालतात आणि विहिरीच्या झडपांचा संच डेकवरच ठेवता येतो. विहिरीची दुरुस्ती त्यामुळे स्वस्त पडते. इतरत्र हा संच समुद्रतळावर असतो आणि त्याच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी वेगळे जहाज बोलवावे लागते.

खोल तळाशी पाणी चारेक अंश सेल्सियसइतके थंड असते. त्या तापमानात आणि दाबाखाली वायू व पाणी मिळून बर्फासारखे घन हायड्रेट तयार होऊन पाइप तुंबू शकतो. ते टाळण्यासाठी पाइपांना उष्णतारोधक आवरण देतात आणि मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडतात.

८. तेल किनाऱ्यावर कसे येते?

जवळ पाइपलाइन असेल तर तिच्यातून. मुंबई हायचे तेल उरणला असेच येते. नसेल तर एफपीएसओच्या टाक्या भरत आल्या की एक टँकर त्याच्या मागे येऊन नळीने तेल भरून नेतो.

९. ‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळासाठी’ आराखडा केला, म्हणजे पंचवीस वर्षे निर्धास्त राहता येते का?

नाही, हा गैरसमज अभियंत्यांमध्येही आढळतो. असे वादळ दर वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. ते पंचवीस वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा पंचविसावा घात, म्हणजे सुमारे ७८ टक्के. याचा अर्थ प्लॅटफॉर्मच्या आयुष्यात ते एकदा तरी येण्याची शक्यता २२ टक्के, साधारण पाचात एक आहे. म्हणूनच या वादळात प्लॅटफॉर्म ‘जेमतेम टिकावा’ असा आराखडा कोणी करत नाही. त्यावर सुरक्षा गुणक असतात (प्रश्न ६) आणि त्याहून दुर्मीळ वादळाची वेगळी तपासणीही करतात.

१०. चक्रीवादळाची सूचना मिळाल्यावर काय करतात? २०२१ च्या ‘तौक्ते’मध्ये बुडालेला पी-३०५ असाच प्लॅटफॉर्म होता का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी: नाही. पी-३०५ हा मुंबई हायजवळ कामगारांच्या निवासासाठी नांगरलेला बार्ज होता. मे २०२१ मध्ये त्याचे नांगर सुटले, तो भरकटत गेला आणि बुडाला. सत्तरहून अधिक माणसे गेली. असा बार्ज काम चालू असेपर्यंत तेथे राहतो आणि मोठे वादळ येण्यापूर्वी त्याने सुरक्षित जागी जाणे अपेक्षित असते. कायमस्वरूपी उत्पादन प्लॅटफॉर्मचे नांगर मात्र वादळात तेथेच राहण्यासाठीच योजलेले असतात. हा फरक पालकांनी जरूर समजून घ्यावा.

उत्पादन प्लॅटफॉर्मवर सूचना मिळताच विहिरी बंद करतात, माणसे हलवतात आणि सांगाडा तेथेच सोडतात. काही एफपीएसओंना मात्र निघून जाता येते. त्यांचे नांगरदोर आणि राइझर पाण्यातील एका बोयाला जोडलेले असतात. जहाज बोया सोडून देते, बोया लाटांच्या खाली बुडून राहतो आणि वादळ ओसरल्यावर जहाज परत येऊन जोडले जाते. मेक्सिकोच्या आखातातील ‘स्टोन्स’ क्षेत्रात सुमारे २,९०० मीटर पाण्यावर ही व्यवस्था आहे.

जे एफपीएसओ जात नाहीत त्यांतले बरेच टरेट नावाच्या फिरत्या खांबाभोवती वळून तोंड लाटांकडे करतात. पश्चिम आफ्रिकेसमोर समुद्र सौम्य आणि लाटांची दिशा बरीचशी ठरलेली असल्याने तेथे टरेटचा खर्च टाळून जहाज चारही कोपऱ्यांनी बांधलेले पुष्कळदा आढळते.

११. मोठे अपघात लाटांमुळे झाले का?

फक्त लाटांमुळे झालेले फार थोडे. उत्तर समुद्रात २७ मार्च १९८० रोजी ‘अलेक्झांडर किलँड’ हा निवासासाठी वापरला जाणारा सेमी-सबमर्सिबल उलटला आणि १२३ माणसे मृत्युमुखी पडली. एका आडव्या दांडीवर ध्वनियंत्राचा आधार जोडण्यासाठी केलेल्या लहानशा वेल्डिंगपासून तडा सुरू झाला होता. दांडी तुटली, पाठोपाठ पाचांपैकी एक खांब निखळला. कॅनडासमोर १५ फेब्रुवारी १९८२ रोजी ‘ओशन रेंजर’ या खोदकामाच्या सेमी-सबमर्सिबलच्या बॅलास्ट नियंत्रण कक्षाची खिडकी लाटेने फुटली, पाणी नियंत्रण-फलकात गेले आणि त्यानंतर बॅलास्ट हाताळताना कर्मचाऱ्यांचा ताबा सुटला, सर्व ८४ जण गेले. ब्राझीलचा पी-३६ हा प्लॅटफॉर्म मार्च २००१ मध्ये खांबातील टाकी फुटून झालेल्या स्फोटांनंतर पाच दिवसांनी बुडाला. ११ जणांचा जीव गेला. २००५ साली मेक्सिकोच्या आखातातील ‘थंडर हॉर्स’ हा प्लॅटफॉर्म चक्रीवादळामुळे रिकामा केला होता, आणि माणसे परतली तेव्हा तो एका बाजूला कललेला आढळला. एकाच दिशेने पाणी जाऊ देणाऱ्या झडपा चुकीच्या बसवल्याने पाणी कप्प्यांमध्ये फिरले होते.

अपवाद टीएलपीचा: ‘टायफून’ हा प्लॅटफॉर्म २००५ च्या ‘रिटा’ चक्रीवादळात उलटला. नळ्यांचा आधार गेला की तो प्रकार किती असहाय होतो, हे प्रश्न ४ वरून ध्यानात येईल.

१२. खडकवासल्याला लाटांच्या प्रतिकृती-चाचण्या होतात, तेथेच हेही करता येईल ना?

खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचे आहे आणि बंदरे, लाटरोधक बंधारे, गाळ यांवरचे त्याचे काम मोठे आहे. पण ते पाणी मुख्यतः उथळ किनाऱ्याचे. खोल समुद्रातील प्लॅटफॉर्मला खोल कुंड लागते. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमचे कुंड ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे.

तेही पुरत नाही. पन्नासास एक या प्रमाणात २,००० मीटर पाण्यासाठी ४० मीटर खोल कुंड हवे. मग दोरांचा फक्त वरचा भाग प्रतिकृतीत घेतात, खालचा संगणकावर सोडवतात आणि दोन्ही जुळवतात. वेळही आक्रसते: याच प्रमाणात काळ पन्नासच्या वर्गमुळाने, म्हणजे सात पटींनी घटतो, त्यामुळे तीन तासांचे वादळ पंचवीस मिनिटांत आटोपते. पाण्याची चिकटपणामुळे होणारी ओढ मात्र या प्रमाणाला जुमानत नाही, आणि तिचा हिशेब वेगळा करावा लागतो.

१३. आमच्या पंप-स्किडचे (एकाच पोलादी चौकटीवर बसवलेल्या पंपसंचाचे) वजन आणि गुरुत्वमध्य ग्राहक इतक्या बारकाईने का विचारतात? जमिनीवरच्या कामात कोणी विचारत नाही.

भोसरीहून हा प्रश्न नेमाने येतो, बहुधा थोड्या त्राग्याने. जमिनीवर दोन टन वाढले तर पायाचे काँक्रीट थोडे वाढते. तरंगत्या प्लॅटफॉर्मवर वाढलेले वजन प्लावक बलातून पेलावे लागते, आणि ते उंचावर असेल तर उलटण्याविरुद्धची राखीव शक्तीही खाते (प्रश्न ४). शेकडो पुरवठादारांनी थोडे थोडे वाढवले की ती राखीव शक्ती संपते. म्हणून प्रत्येक यंत्राची नोंद वजनाच्या नोंदवहीत होते आणि कारखान्यातून निघताना ते प्रत्यक्ष तोलले जाते. पत्रकावर अंदाजाने गोल आकडा लिहू नये, ही विनंती.

याच कारणाने ठरावीक कलावर यंत्र चालेल याचे प्रमाणही मागतात. तेल-पाणी वेगळे करणाऱ्या आडव्या टाक्यांत हेलकाव्यांमुळे द्रव सळसळतो, थर मिसळतात आणि पातळी-मापक खोटे आकडे दाखवतो. आत छिद्रांचे पडदे बसवून ते आवरावे लागते.

१४. भारतात असे प्लॅटफॉर्म आहेत का?

आहेत, आणि ते मुख्यतः एफपीएसओ आहेत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील एमए क्षेत्रावर, सुमारे १,२०० मीटर पाण्यात, २००८ साली ‘धीरूभाई-१’ सुरू झाले; त्या क्षेत्राचे उत्पादन २०१८ साली थांबले. पश्चिम किनाऱ्यावर ओएनजीसीच्या डी-१ क्षेत्रावर ‘अर्माडा स्टर्लिंग’ २०१३ साली आले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्याच ओएनजीसीच्या केजी-९८/२ गटातून ७ जानेवारी २०२४ रोजी पहिले तेल निघाले, तेही एफपीएसओवरच.

१५. जुना टँकर घेऊन एफपीएसओ करणे स्वस्त पडत नाही का?

पुष्कळदा पडते, आणि वेळही वाचतो. पण टँकर ठरावीक वर्षांनी गोदीत जातो, तर एफपीएसओने वीस-पंचवीस वर्षे जागा सोडायची नसते. त्यामुळे जुन्या पोलादाची झीज आणि वेल्डिंगची थकवा-मर्यादा आधीच मोजून बरेच पत्रे बदलावे लागतात. खवळलेल्या समुद्रासाठी नवे जहाज बांधणेच श्रेयस्कर.

१६. आयुष्य संपल्यावर त्याचे काय करतात?

दोर सोडून ओढून नेता येतो, हा तरंगत्या रचनेचा मोठा फायदा. हटनचा डेक पुढे रशियाच्या प्रिराझलोम्नाया प्लॅटफॉर्मवर बसवला गेला. उलट, ‘ब्रेंट स्पार’ ही उत्तर समुद्रातील तेलसाठ्याची टाकी खोल समुद्रात बुडवण्याचा बेत १९९५ साली ग्रीनपीसच्या विरोधामुळे सोडावा लागला, आणि तिचे भाग नॉर्वेत धक्का बांधायला वापरले गेले.

१७. पुण्यात राहून या क्षेत्रात काम करता येते का?

आराखडा, ताण-विश्लेषण आणि यंत्रनिर्मिती यांत करता येते. प्लॅटफॉर्मवर नोकरी असेल तर चौदा दिवस तेथे आणि चौदा दिवस घरी अशी पाळी बरीच प्रचलित आहे; मुंबई हायसाठी हेलिकॉप्टर जुहूहून सुटते. जाण्यापूर्वी समुद्रातील बचावाचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ज्यात पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचा सरावही असतो.

१८. ‘सागर सम्राट’ तरंगता की स्थिर?

मुंबई हायवर १९७४ साली तेल शोधणारे हे यंत्र जॅक-अप प्रकारचे. ते तरंगत जागेवर नेतात; तेथे पाय खाली सोडून तळाला टेकवतात आणि सांगाडा पाण्याच्या वर उचलून धरतात. खोदकाम संपल्यावर पुढे त्याचे रूपांतर फिरत्या उत्पादन केंद्रात करण्यात आले. काम करताना त्याचे वजन पाय पेलत असल्याने येथील वर्गीकरणात ते तरंगत्यांमध्ये धरत नाहीत, आणि प्रश्न ५ व ६ मधील हिशेब त्याला फक्त ओढून नेतानाच लागू होतो.